पडवीतली मोटार आणि घरचा हिशेब

या सदरात आपण भिशीबद्दल बोललो, सोन्याच्या मोडीबद्दल बोललो, जुन्या शिलाई मशीनचं काय करावं यावरही बोललो. या आठवड्याच्या टपालात मात्र जरा वेगळंच पत्र आलं. पत्र लिहिणाऱ्या भगिनी आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या आहेत. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून गावही सांगत नाही.

त्यांच्या सासऱ्यांचा कापसाचा धंदा जोरात होता तेव्हा त्यांनी नागपूरहून एक विलायती मोटार आणली होती. लहानशी, वरून उघडी, दोनच माणसं बसतील अशी. एमजी कंपनीची, टीसी मॉडेल. सासरे गेले आणि गाडी मागच्या पडवीत उभी राहिली. सहा वर्षांपूर्वी यजमानांनी मनावर घेतलं आणि गाडी पहिल्यासारखी करायची म्हणून ती पार खोलली. पहिलं वर्ष रोज संध्याकाळी पडवीत दिवा जळायचा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फक्त रविवारी. आता दीड वर्ष झालं, ताडपत्री उचललेली नाही. इंजिन पाटावर, दारं पलंगाखाली आणि नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. "आजवर नऊ लाख गेले असा माझा हिशेब आहे, यांचा पाचाचा," असं त्या लिहितात.

मुलीला नागपुरात फिजिओथेरपीला प्रवेश मिळालाय आणि दुसऱ्या वर्षाची फी तोंडावर आहे. एक गृहस्थ येऊन 'आहे तशी उचलतो, तीन लाख देतो' म्हणून गेले. मुलगा मोबाईलवर फोटो दाखवून म्हणतो, आई, ही गाडी चाळीस लाखांची आहे. यजमान विकतही नाहीत आणि हातही लावत नाहीत. विषय काढला की जेवणावरून उठतात. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय, "ताई, मला गाडी नको असं नाही हो. पण मला घरातला माणूस परत पाहिजे."

म्हणजे प्रश्न दोन आहेत. या अर्धवट गाडीची खरी किंमत किती, आणि थकलेल्या माणसाचं काय करायचं? दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, पण आधी हिशेबाचा घेऊ. हिशेब स्वच्छ झाला की बोलणंही सोपं जातं.

ही गाडी आहे तरी काय?

नवऱ्याच्या छंदाची वस्तू आपल्याला माहीत नसली की ती नुसती अडगळ वाटते. म्हणून थोडी ओळख करून घेऊ. एमजी टीसी ही इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन या गावी १९४५ ते १९४९ या काळात बनली. सगळ्या मिळून जवळपास दहा हजार. १२५० सीसीचं इंजिन, दोन कार्बोरेटर, सायकलीसारख्या तारांची १९ इंची उंच चाकं. सगळ्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे आपल्या रस्त्यांना ती सोयीची. राणी एलिझाबेथचे यजमान प्रिन्स फिलिप १९४७ साली लग्न ठरायच्या दिवसांत हीच गाडी चालवत होते. आणखी एक गंमत म्हणजे या गाडीत वेगाचा काटा चालवणाऱ्यापुढे नसून शेजारी बसणाऱ्यापुढे असतो. गाडी किती जोरात चाललीय ते आधी बायकोला कळणार, अशी ही सोय!

तिची एक नाजूक बाजूही आहे. खाली पोलादी चासी असली तरी वरच्या अंगाचा सापळा लाकडाचा आहे. ॲश नावाच्या विलायती लाकडाची चौकट आणि तिच्यावर पत्रा, अशी बांधणी. आपल्याकडे पडवीत वाळवी किती लवकर लागते ते तुम्हांला सांगायला नको. पत्रा वरून ठणठणीत दिसेल आणि आतलं लाकूड बोटानं दाबलं तर भुसा निघेल. गाडीची किंमत ठरवताना हे सगळ्यात आधी बघायचं.

तीन चुकीच्या किमती

अशा वस्तूची किंमत घरात तीन प्रकारे सांगितली जाते, आणि तिन्ही चुकीच्या असतात.

पहिली म्हणजे "आजवर इतके घातले, तेवढे तरी यायलाच हवेत." घेणारा आपला खर्च विकत घेत नाही, तो समोरची वस्तू घेतो. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला झाला, म्हणून कोंबडी सोळा आण्यांना जात नाही. नऊ लाख की पाच लाख, हा वाद नवरा-बायकोंनी कितीही घातला तरी गाडीच्या किमतीत त्यानं एका रुपयाचा फरक पडणार नाही. म्हणून तो वाद आजपासून बंद.

दुसरी म्हणजे मुलाच्या मोबाईलवरची. फोटोतली गाडी तयार असते, रंगवलेली, चालती, कागदपत्रं पूर्ण असलेली. शिवाय जाहिरातीतली रक्कम ही मागणी असते, झालेला सौदा नसतो. अर्धा विणलेला स्वेटर दुकानातल्या स्वेटरच्या अर्ध्या किमतीला कोणी घेईल का? उलट लोकर सोडवून घ्यावी लागते म्हणून नाक मुरडतील. अर्धवट मोटारीचंही अगदी तसंच आहे. अर्धं काम झालं म्हणजे अर्धी किंमत आली, असा हिशेब इथं लागत नाही.

तिसरी भंगाराची. "कोण घेतं हे, द्या टाकून!" हेही खरं नाही. भंगारवाला किलोवर घेईल, पण या गाडीचा एक मूळ दिवा, एक मूळ घड्याळ, पितळी बिल्ला सांभाळून ठेवलेला असेल तर जाणकार त्याच्यासाठी वेगळे पैसे मोजतो. आहे तशी उचलतो म्हणणारे गृहस्थ हे जाणून असतात. त्यांचा भाव खोटाच असेल असं नाही, पण पहिला भाव हा नेहमी घेणाऱ्याच्या सोयीचा असतो.

मग खरा हिशेब कसा करायचा?

उलटीकडून करायचा. तयार गाडीपासून मागे मागे यायचं. मी इथं आकडे धरते ते केवळ समजुतीसाठी. तुमच्या गाडीचे आकडे तुम्हांलाच भरायचे आहेत.

समजा, याच मॉडेलची नीट तयार झालेली, कागदपत्रं असलेली गाडी आपल्या देशात वीस लाखांना जाते. आता उरलेल्या कामांची यादी करा. इंजिन बांधणी अडीच लाख, लाकडी सापळा आणि पत्र्याचं काम तीन लाख, रंग आणि गादीकाम अडीच लाख, टायर, वायरिंग आणि बाहेरून मागवायचे सुटे भाग दोन लाख. एकूण दहा. त्यात न दिसणाऱ्या कामांसाठी तीस टक्के मिळवा. घराचं बांधकाम केलेल्या प्रत्येकीला हे तीस टक्के ठाऊक आहेत! म्हणजे झाले तेरा लाख. वीसातून तेरा गेले, उरले सात. आता घेणारा माणूस चार वर्षं राबणार, जोखीम घेणार, त्याचे निदान दोन लाख सोडा. उरले पाच. या उदाहरणात अर्धवट गाडीची आजची किंमत पाच लाख.

आता याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूनं बघा. आज विकली तर हातात पाच लाख. घरी पूर्ण केली तर आणखी तेरा लाख घालून चार वर्षांनी वीस लाखांची गाडी, म्हणजे फायदा सात लाख. फरक किती? दोन लाख. चार वर्षांच्या रविवारांची ही मजुरी. काम करताना यजमानांच्या तोंडावर हसू असेल, तर हा सौदा सोन्याचा आहे. तोच वेळ ओझं होऊन बसला असेल, तर दोन लाखांसाठी चार वर्षं कोणी आपलं घर कोमेजू देऊ नये.

आपल्या आकड्यांनी हा फरक कमी-जास्त होईल, कधी उणेही होईल. पण कागदावर मांडल्याशिवाय तो दिसणार नाही. वीस लाखांचा आकडाही ऐकीव नको. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे, तिकडच्या आणि नागपूर-पुण्याकडच्या छंदी मंडळींना विचारा. एमजीवाल्यांचा इंग्लंडमधला क्लब १९३० पासून चालू आहे आणि टीसीसारख्या गाड्यांसाठी त्याचा वेगळा विभाग आहे. निदान तिघांना विचारावं, आणि त्यांतला एक तरी गाडी घेण्यात रस नसलेला असावा.

डबे उघडा, यादी करा

किंमत वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आपल्या हातचा आहे, तो म्हणजे नीट मांडणी. श्रीखंडाच्या डब्यांत एकत्र पडलेला ढीग बघून घेणारा घाबरतो आणि भाव पाडतो. तेच भाग ओळीनं, चिठ्ठ्या लावून ठेवले, की "सगळं आहे" हा विश्वास बसतो. मसाल्याचा डबा लावणाऱ्या बाईला हे काम कठीण नाही. एक रविवार, जुनी चादर, पिशव्या, चिठ्ठ्या आणि एक वही. प्रत्येक भागाचा फोटो काढायचा, काय आहे, काय नाही, काय शंकास्पद, असे तीन रकाने करायचे.

यात तीन गोष्टी आवर्जून बघा.

नंबर. चासीवर ठोकलेला नंबर आणि इंजिनावरचा नंबर कागदपत्रांशी जुळतो का? टीसीचा चासी नंबर 'टीसी' या अक्षरांनी सुरू होतो. पहिल्या गाडीला ०२५१ नंबर दिला होता, कारण कारखान्याच्या टेलिफोनचा नंबर २५१ होता! इंजिनाचा नंबर 'एक्सपीएजी' या अक्षरांनी सुरू होतो आणि अष्टकोनी पितळी बिल्ल्यावर असतो. मूळ इंजिन मूळ चासीत असेल तर किंमत एक, दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलेलं असेल तर दुसरी.

बारीक भाग. इंजिन मोठं म्हणून महाग, असं आपल्याला वाटतं. पण इंजिनाला कारागीर मिळतो, हरवलेलं घड्याळ, दिव्याची कड, दाराची मूळ मूठ मिळायला महिने जातात. तेव्हा बारीकसारीक भाग आधी सांभाळा.

बोल्ट. ही खास गोष्ट मिस्त्रींनाही पुष्कळदा माहीत नसते. या इंजिनाच्या बोल्टांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची आणि आटे मात्र मेट्रिक, तेही बारीक. आठ मिलिमीटरच्या बोल्टाचा आटा बाजारात सव्वा मिलिमीटरचा मिळतो, याचा एक मिलिमीटरचा. बाजारचा बोल्ट जोरानं पिळला की इंजिनाचा आटा गेला. म्हणून जुने बोल्ट गंजके दिसले तरी एकही फेकू नका.

आणि पावसाळ्याच्या आत गाडीची जागा नीट करा. प्लॅस्टिकची ताडपत्री अंगाला चिकटून टाकली की आत घाम धरतो आणि गंज वाढतो. त्यापेक्षा सुती चादर आणि वर थोड्या अंतरावर छप्पर बरं. चासी जमिनीवरून उचलून ठोकळ्यांवर ठेवा, लाकडाला वाळवीचं औषध लावा, उंदरांचा बंदोबस्त करा. टाकीत जुनं पेट्रोल असेल तर काढून टाका. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला आणि बुचाच्या वॉशरना मानवत नाही, हेही ध्यानात असू द्या.

कागद नसेल तर किंमत नाही

सासऱ्यांच्या ट्रंकेतलं आरसी बुक शोधा. आपला भाग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे जुने कागद त्या राज्याच्या नावाचे असू शकतात. ते रद्दी नाहीत, उलट गाडी तेव्हापासून इथंच असल्याचा तो पुरावा आहे.

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार, आणि नोंदणी दहा वर्षांची. नव्यानं नोंदलेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, आधीच नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. आणि अशी गाडी रोज बाजारात न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. "डिझेल इंजिन टाकून देतो, मस्त चालेल," असं कोणी म्हणालं तर हा नियम आठवा. त्या एका कामात गाडीची निम्मी किंमत जाईल.

आता जरा नाजूक गोष्ट. गाडी सासऱ्यांच्या नावावर आहे. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं सासूबाई, यजमान, दीर आणि नणंदा, सगळ्यांचा तिच्यात सारखा हिस्सा. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायचं, असा नियम आहे. राहिलं असेल तर आता करून घ्या. विकण्याआधी नणंदेला विचारा. नंतर तिला बाहेरून कळलं, तर मोटारीच्या किमतीपेक्षा महाग पडेल. यजमानांनी गाडीवर केलेल्या खर्चाची वही या वेळी उपयोगी पडते, कारण हिस्सा ठरवताना तो आधी वजा धरा असं मोकळेपणानं म्हणता येतं.

आणि विकलीच, तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आरटीओच्या दप्तरी आपलं नाव आहे तोवर जबाबदारी आपली. रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय एक दिवाही घराबाहेर देऊ नका.

आता माणसाचं

गाडी खोलणं सोपं असतं मैत्रिणींनो. दोन महिन्यांत ढीग दिसतो, काम पुढं सरकल्यासारखं वाटतं, शेजारी येऊन कौतुक करतात. खरा कंटाळा मधल्या टप्प्यात येतो. महिनाभर राबावं आणि दिसावं काहीच नाही, असं ते काम असतं. एक भाग सुटा करावा तर तीन कामं निघतात. लेथवाला पुढच्या आठवड्यात म्हणतो, भाग कस्टममध्ये अडकतो, जुने मिस्त्री हातात राहत नाहीत. आणि मग माणूस पडवीकडे बघणंच सोडतो. कारण बघितलं की अपराधी वाटतं. आपण याला आळस म्हणतो, पण पुष्कळदा ती लाज असते.

त्यात ही वडिलांची गाडी. विकली तर बाबांची आठवण विकली, पूर्ण झाली नाही तर बाबांना तोंड कसं दाखवू, असं दोन्हीकडून मन चिमटीत सापडतं. ते बोलून दाखवता येत नाही म्हणून माणूस जेवणावरून उठतो.

अशा वेळी "कधी होणार हे?" हा प्रश्न विचारू नये. त्याचं उत्तर त्यांच्यापाशी नाही, म्हणून तर ते चिडतात. त्याऐवजी विचारा, "यातलं सगळ्यात लहान काम कोणतं?" एक दिवा घासून पूर्ण करणं, एक चाक तारांसकट साफ करणं. पूर्ण झालेली एक वस्तू घरात दिसेल अशी ठेवा. आपण रोजचा स्वयंपाक करतो तेव्हा वर्षाची हजार जेवणं डोळ्यांपुढं आणतो का? आणली तर आपणही ओट्याशी उभ्या राहणार नाही. आजची भाजी तेवढी बघतो.

दुसरं, सुट्टी जाहीर करा. काम नुसतं बंद पडणं वेगळं आणि ठरवून थांबवणं वेगळं. "दसऱ्यापर्यंत गाडीचा विषय नाही. सगळं झाकून, चिठ्ठ्या लावून ठेवू. दसऱ्याला बसून ठरवू." एवढं दोघांनी मिळून म्हटलं की त्या ताडपत्रीखालचा अपराध निम्मा होतो. मधल्या काळात टोमणा नाही, पाहुण्यांसमोर चेष्टा नाही. पाहुण्यांसमोर केलेली चेष्टा माणूस फार दिवस विसरत नाही.

तिसरं, कामाची वाटणी. सगळं आपल्याच हातानं झालं पाहिजे हा हट्ट छंदी माणसांना असतो. जे काम त्यांना आवडतं ते त्यांनी करावं, जे नकोसं वाटतं, समजा पत्राकाम किंवा वायरिंग, ते पैसे देऊन करून घ्यावं. पण त्याचा आकडा आधी वहीत आणि वरची मर्यादा ठरलेली. मुलांच्या शिक्षणाच्या पैशांना त्यासाठी हात लावायचा नाही, ही रेघ घरात पहिल्या दिवसापासून हवी.

आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगते. कंटाळा फक्त गाडीचा असेल तर माणूस इतर वेळी हसतो, बोलतो, चार घास जेवतो. झोप उडाली, जेवण तुटलं, कशातच मन लागेना, बोलणं बंद झालं किंवा पिणं वाढलं, तर तो गाडीचा प्रश्न नव्हे. मग डॉक्टरांना दाखवायला संकोच करू नका. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

अर्धवट म्हणजे वाया नव्हे

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींचं नाव जुन्या वाचकांना आठवेल. सामान्य माणसाला परवडेल अशी 'मीरा' नावाची छोटी मोटार त्यांनी १९४९ पासून बनवायला घेतली आणि पंचवीस वर्षं एकामागून एक नमुने तयार केले, शेवटचा १९७५ मध्ये. सरकारी परवानगी मिळाली नाही आणि कारखाना उभा राहिला नाही. पुढं १९८३ मध्ये मारुती आली आणि छोट्या गाडीचं स्वप्न दुसऱ्याच कारखान्यातून आपल्या दारात आलं. हिशेबाच्या वहीत मीरा तोट्यात दिसेल. पण त्या माणसाला कोणी आळशी किंवा मूर्ख म्हणेल का?

आपली शकुंतला घ्या. यवतमाळ-मूर्तिजापूर गाडीला १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. आता ती गाडी बंद आहे. त्या इंजिनाचं वजन करून कोणी भाव काढला तर आपल्यालाच राग येईल. आठवणीला किंमत असते हे खरं, फक्त ती घेणाऱ्याकडून वसूल होत नाही. ती आपल्याच घरी ठेवायची असते. गाडी गेली तरी सासऱ्यांचा गाडीत बसलेला फोटो भिंतीवर राहील, हवं तर एक जुनी खूण काढून ठेवता येईल. मात्र ते घेणाऱ्याला आधी सांगून.

तर भगिनी, तुम्ही असं करा

पहिलं, तीन लाखवाल्या गृहस्थांना गोड बोलून महिनाभर थांबवा. नाही म्हणू नका, होही म्हणू नका. दुसरं, मुलाला मोबाईलसकट पडवीत बसवा. चाळीस लाख म्हणतो ना, मग भागांची यादी आणि फोटो त्यानं करावेत. बापाशेजारी बसून दोन रविवार तो हे करील, तर कदाचित गाडीपेक्षा मोठं काम होईल. तिसरं, कागद शोधा, नणंदेला फोन करा. चौथं, वर सांगितला तसा उलटा हिशेब एका पानावर मांडा, पण आकडे यजमानांनाच भरायला सांगा. आपण भरलेला आकडा भांडणाचा होतो, त्यांनी भरलेला विचाराचा.

मुलीच्या फीचं मात्र या सगळ्यापासून वेगळं करा. गाडी विकूनच फी भरायची, असं ठरलं की घाईत सौदा होतो आणि घाई घेणाऱ्याला वासानं कळते. शिवाय त्या पोरीच्या डोक्यावर उगाच 'माझ्यासाठी आजोबांची गाडी गेली' हे ओझं. बँकेचं शैक्षणिक कर्ज, घरातली ठेव, जे शक्य असेल त्यातून हा हप्ता भागवा. गाडीला तीन-चार महिने मिळाले तर भाव सुधारेल आणि मनंही.

मग एके संध्याकाळी जेवणं झाल्यावर, भांडी घासून झाल्यावर, वही घेऊन बसा. "मी गाडीच्या विरुद्ध नाही, तुमच्या बाजूनं आहे. ठेवायची तर कशी ठेवू, विकायची तर मानानं कशी विकू, ते दोघं मिळून बघू." एवढंच म्हणा आणि थांबा. लगेच उत्तर येणार नाही. येऊही नये. सहा वर्षांचं ओझं एका वाक्यात खाली ठेवलं जात नाही.

विकायचं ठरलं, तर ती हार समजू नका. ज्याच्या अंगात अजून उमेद आहे अशा माणसाच्या हातात गाडी जाईल आणि चालू लागेल. ठेवायचं ठरलं, तर वर्षाला किती पैसे, आठवड्याला किती तास आणि कोणत्या तारखेला पुन्हा विचार, एवढ्या तीन गोष्टी लिहून दोघांनी सह्या करा. हसू नका, सही केलेल्या कागदाचा घरातसुद्धा मान असतो.

काय ठरलं ते जरूर कळवा. आणि बाकीच्या मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावर, पडवीत, कपाटाच्या वरच्या फळीवर असं काही अर्धवट असेलच. कुणाचं विणकाम, कुणाची सतार, कुणाचं बाहेरून द्यायचं राहिलेलं एम.ए. पुढच्या आठवड्यात त्यातल्या एकीच्या पत्रावर बोलू: लग्नातल्या जुन्या पैठणीची जर आणि तिची मोड.